अडलंय, चुकलंय, सापडलंय, हवंय: गेमच्या मासिकाशी वाचकाचं बोलणं

गेमच्या टिपांचं मासिक आणि साहित्याचं मासिक यांच्यात एक मुळातला फरक आहे. कवितेबद्दल दोन वाचकांची दोन मतं असू शकतात. टीप मात्र चालते किंवा चालत नाही. अंकात छापलेला चीट कोड वाचक त्याच रात्री मशीनवर टाकून बघतो आणि तो खरा की खोटा हे त्याला लगेच कळतं. छापणाऱ्याला ते कळायला वाचकाचं पत्र यावं लागतं. म्हणून अशा मासिकाच्या कामात वाचकाच्या पत्राची जागा अगदी मध्यावर आहे. या पत्रांनी जगभरातली मासिकं कशी घडवली, मुंबईत काय झालं, कुणाची पत्रं आलीच नाहीत, आणि या साऱ्यातून मराठीत छंदाबद्दल लिहिणाऱ्यांनी काय घ्यावं, याचा हा आढावा.

पत्रलेखकांचं शहर

संपादकाला पत्र लिहिण्याची सवय मुंबईला फार जुनी आहे. भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ 1841 साली इथे सुरू झालं आणि 1848पासून त्यात गोपाळ हरी देशमुखांची पत्रं ‘लोकहितवादी’ या सहीने येऊ लागली. ती पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. मराठीतल्या वैचारिक गद्याचा एक मोठा ठेवा वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात जन्माला आला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ‘लोकसत्ता’चं ‘लोकमानस’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’चं ‘बहुतांची अंतरे’ ही सदरं गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या वाचकांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवली. अशा पत्रलेखकांची स्वतःची संघटनाही आहे. दादरच्या मराठी वृत्तपत्र लेखक संघात पत्रं लिहिणारी माणसं एकत्र येतात, संघातर्फे दिवाळी अंकांची स्पर्धा भरते. संपादकांच्या कामाचं मूल्यमापन वाचकांनी संघटितपणे करावं, ही कल्पना दादरकराला नवी नाही.

वाचकाचा राग टोकाला गेल्याचं उदाहरणही याच पट्ट्यात आहे. गिरगावातल्या खटाववाडीतून मौजेचं ‘सत्यकथा’ हे साहित्याचं मासिक निघत असे. 1969 साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांचं म्हणणं असं होतं, की काय छापायचं आणि काय नाही हे ठरवणारी अभिरुची आमचं जगणं आत येऊ देत नाही. त्या भांडणात कोण किती बरोबर होतं, हा वेगळा विषय. पण दार बंद आहे असं वाचकाला वाटलं, की तो पत्र लिहायचा थांबतो आणि दुसरा मार्ग शोधतो, हे त्यातून दिसलं. पुढे छंदाच्या मासिकांबाबतही हेच घडलं, फक्त आवाज न करता.

चार जातींची पत्रं

गेमच्या मासिकाला येणारी पत्रं साधारण चार जातींची असतात. ‘अडलंय’ म्हणजे या लेव्हलच्या पुढे जाता येत नाही, मदत करा. ‘चुकलंय’ म्हणजे तुम्ही सांगितलं तसं केलं, झालं नाही. ‘सापडलंय’ म्हणजे तुम्हाला माहीत नसलेला रस्ता मला मिळाला, छापा. आणि ‘हवंय’ म्हणजे अमुक गेमवर लिहा, अमुक सदर बंद करा, सीडीत हे द्या. चारही जातींनी मासिकांना वेगवेगळं वळण लावलं.

‘अडलंय’ या पत्रावर तर अख्खा धंदा उभा राहिला. अमेरिकेत ‘निन्टेन्डो पॉवर’ हे मासिक 1988 साली सुरू झालं आणि 2012पर्यंत चाललं. कंपनीने अडलेल्या मुलांसाठी फोनवर उत्तरं देणारे सल्लागार बसवले होते आणि त्यांच्याकडे येणाऱ्या प्रश्नांना मासिकात पानं मिळाली. कुठल्या गेममध्ये मुलं कुठे अडखळतात, याची याहून नेमकी माहिती कुठल्याही समीक्षकाकडे असणं शक्य नव्हतं.

‘सापडलंय’ या पत्रांनी वाचकाला लेखक केलं. इंग्लंडमधल्या लडलो या लहानशा गावातून 1984 साली ‘क्रॅश’ हे स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवरच्या गेमचं मासिक निघालं. त्याची परीक्षणं लिहायला गावातल्या शाळकरी मुलांना बसवलं होतं. खेळणाराच लिहितोय म्हटल्यावर वाचकांनीही आपले नकाशे, युक्त्या आणि कोड पाठवले. गेमच्या मासिकातला टिपांचा भाग जगभर असाच भरत आला. संपादकांच्या चार-पाच जणांच्या चमूने महिनाभर रात्रंदिवस खेळूनही हजारो घरांत चाललेल्या खेळाची बरोबरी होत नाही.

‘हवंय’ या पत्रांचं मोजमाप करणं सोपं, म्हणून त्यांचीच जास्त व्यवस्था झाली. 1981 ते 2006 चाललेल्या ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’मध्ये वाचकांनी गुण देऊन परत पाठवायचं कार्ड असे आणि त्यातून गेमची क्रमवारी ठरे. जपानच्या ‘शोनेन जम्प’ या कॉमिक साप्ताहिकात तर वाचकांच्या पोस्टकार्डांवरून कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली गुंडाळायची हे ठरत आलं आहे.

सगळ्यात मोलाचं पत्र मात्र ‘चुकलंय’ हे. 1979 साली सुरू झालेलं अमेरिकन मासिक ‘कॉम्प्यूट!’ गेमचे अख्खे प्रोग्राम अंकात छापत असे. वाचकाने ते ओळीमागून ओळ आपल्या मशीनवर टाइप करायचे आणि मग खेळायचं. एक आकडा चुकला तरी गेम चालत नसे. चूक छापण्यातली की टाइप करणाऱ्याची, हे कळायला मार्ग नव्हता. मासिकाने दोन गोष्टी केल्या. छापलेल्या चुका कबूल करणारं नियमित सदर ठेवलं. आणि 1983 साली प्रत्येक ओळीसाठी एक तपासणी-आकडा देणारा छोटा प्रोग्राम वाचकांना दिला. ओळ टाइप केली की पडद्यावर आकडा यायचा, तो अंकातल्या आकड्याशी जुळला की ओळ बरोबर. वाचकांच्या अडचणीला मिळालेलं हे उत्तर माफीनाम्याच्या फार पुढचं होतं. चूक शोधण्याचं हत्यारच मासिकाने वाचकाच्या हाती दिलं.

याच्या उलट गोष्ट 1992ची. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकन मासिकाने एप्रिल फूल म्हणून ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये शेंग लाँग नावाचा लपलेला योद्धा आहे असं छापलं. त्याला गाठण्यासाठी दिलेल्या अटी जवळजवळ अशक्य होत्या, त्यामुळे कुणालाही ते खोटं ठरवता येईना. जगभरची मुलं गेमच्या मशीनमध्ये नाणी घालत राहिली आणि इतर प्रकाशनांनीही ती बातमी खरी समजून पुढे नेली. मासिकाने पुढे खुलासा केला, तोवर अफवा कुठच्या कुठे पोचली होती. टीप पडताळता येत नसेल, तर वाचकाचा सगळा उत्साह चुकीच्या दिशेने वाहतो. टिपांच्या मासिकाची पत त्याच्या दुरुस्तीच्या सदरावर का ठरते, ते या दोन उदाहरणांवरून कळतं.

दादर, लॅमिंग्टन रोड

आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर आला तो 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण टेलिफोनच्या तारेवरून येणारं ते इंटरनेट गेमरच्या फारसं कामाचं नव्हतं. साधा हिशेब करून पाहावा. 56 केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता चालला, तरी एका सीडीतला 650 एमबी मजकूर उतरवायला पंचवीस तासांहून अधिक वेळ लागेल. टेलिफोनचं बिल वेगळं. म्हणून गेमचे डेमो, पॅचेस आणि ड्रायव्हर घराघरांत पोचले ते मासिकासोबत येणाऱ्या सीडीतून.

मुंबईत या मासिकांची मोठी घरं होती. जसुभाई समूहाचं ‘चिप’ हे कॉम्प्युटरचं मासिक जून 2001पासून ‘डिजिट’ या नावाने निघू लागलं. गेमिंगला वाहिलेलं ‘स्कोअर’ही त्याच घरातलं. ‘चिप’ हे नाव पुढे इन्फोमीडियाकडे आलं आणि त्यांचं कार्यालय होतं दादर पश्चिमेला, जे. के. सावंत मार्गावरच्या रुबी हाउसमध्ये. मोटारींचं ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि कॅमेऱ्यांचं ‘बेटर फोटोग्राफी’ ही छंदाची मासिकंही त्यांचीच. म्हणजे देशभरातल्या हौशी माणसांची पत्रं ज्या पत्त्यावर येत, त्यातला एक ठळक पत्ता दादरचा होता.

या मासिकांकडे आलेल्या प्रश्नांना मुंबईचा स्वतःचा रंग होता, कारण मशीन मुंबईच्या बाजारातलं होतं. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा बाजार. प्रोसेसर एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, मॉनिटर ओळखीच्या माणसाकडून, अशी जुळवाजुळव करून ‘असेंबल’ केलेलं मशीन घरी येई. गिरगावातून तर हा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. अशा मशीनला कंपनीचा हेल्पलाइन नंबर नसतो. मग प्रश्न मासिकाला विचारला जाई: माझ्याकडे एवढी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही, हा गेम चालेल का? चालला तर हँग होईल का? आणि कार्ड घ्यायचंच तर अमुक रकमेत कुठलं? ‘डिजिट’मधला ‘एजंट 001’ हा खरेदीचा सल्ला देणारा भाग याच गरजेतून लोकप्रिय झाला. परदेशी मासिकात बाजारभावाबद्दलची पत्रं क्वचित असतात. आपल्याकडे गेमच्या टिपेइतकंच मोल ग्राफिक्स कार्डाच्या भावाला होतं, कारण मशीन घेण्यासाठी घरात आधी वडिलांना पटवावं लागे.

सीडीबद्दलच्या तक्रारींचं महत्त्वही यातूनच समजतं. ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही त्याच्यासाठी ओरखडा पडलेली सीडी म्हणजे महिनाभराचं नुकसान. शंभर रुपयांच्या आसपास किंमत असलेला अंक मध्यमवर्गीय घरात विचार करूनच घेतला जाई. सीडी बदलून देण्याची सोय हा या मासिकांच्या विश्वासार्हतेचा मोठा भाग होता, आणि वाचक लेखांपेक्षा सीडीतल्या मजकुराबद्दल जास्त बोलत ते त्यामुळेच.

या मासिकांचं काम मला मोलाचं वाटतं. महागड्या, परदेशी आणि घरच्यांच्या नजरेत वेळखाऊ असलेल्या छंदाला त्यांनी प्रतिष्ठा दिली. पण चार जातींपैकी त्यांनी कुठल्या पत्रांना किती जागा दिली हे पाहिलं, तर तोल कुठे ढळला ते दिसतं. ‘अडलंय’ला तज्ज्ञांची उत्तरं मिळाली, ‘हवंय’ला सीडीतून प्रतिसाद मिळाला. ‘चुकलंय’ आणि ‘सापडलंय’ यांना त्या मानाने कमी जागा मिळाली. वाचकाला ग्राहक म्हणून पुरेपूर मान होता, सहलेखकाचा मान मात्र क्वचित मिळाला.

ज्यांनी लिहिलंच नाही

कुठल्याही प्रतिसादाचा आढावा घेताना न आलेल्या पत्रांचा विचार करावा लागतो. गेमच्या बाबतीत ती संख्या मोठी होती, हे सांगायला पाहणीची गरज नाही. खेळ कुठे चालायचा ते पाहिलं की पुरे.

लालबाग-परळच्या चाळींत दहा घरांमागे एखाद्या घरी कॉम्प्युटर असला, तर त्या एका मशीनवर मजल्यावरची सगळी मुलं खेळत. ज्याच्या घरी तेही नव्हतं तो सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसे. कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’, घरी ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘रोड रॅश’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. मासिकाचा एक अंक हातोहात फिरे, वहीत कोड उतरवले जात आणि सीडी कॉपी होऊन पुढच्या गल्लीत जाई. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये ‘पेपरोनी पिझ्झा’ टाइप केलं की हजार अन्न मिळतं, हे ज्याने पिझ्झा चाखलेला नाही अशा मुलालाही स्पेलिंगसकट पाठ होतं. या सगळ्यांच्या वतीने मासिकाला पत्र लिहिणारा असला तर एखादा, म्हणजे ज्याच्या घरी अंक येई तो. बाकीचे वाचक संपादकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

दुसरी भिंत भाषेची. ‘चिप’, ‘डिजिट’, ‘स्कोअर’ तिन्ही इंग्रजी. मराठी शाळेतला मुलगा मेनूतलं इंग्रजी सरावाने ओळखतो, कोड अक्षर न चुकता टाइप करतो, पण “तुमच्या नकाशातलं तिसरं वळण चुकलंय” हे इंग्रजीत लिहून पाठवायला त्याचा हात धजत नाही. त्याने शोधलेली युक्ती कट्ट्यावरच राहिली. दादरसारख्या ठिकाणी हे अधिक खटकतं. पत्रलेखकांची संघटना असलेलं दादर हेच, आणि हौशी मासिकांचं एक मोठं कार्यालय असलेलं दादरही हेच. एकीकडे मराठीत पत्रं लिहिणारी अनुभवी, पण मध्यमवयीन आणि वृद्ध माणसं. दुसरीकडे सांगण्यासारखं पुष्कळ असलेली, पण लिहायला भाषा आणि जागा नसलेली मुलं. या दोघांची गाठ घालून देणारं नियतकालिक मधे असायला हवं होतं.

हे मराठीत जमलं असतं, याचा दाखला क्रिकेटने दिला आहे. शिवाजी पार्कवर वाढलेल्या संदीप पाटील यांच्या संपादनाखाली ‘एकच षटकार’ने खेळाबद्दल मराठीत भरभरून लिहिता येतं हे दाखवलं. पाककृतींच्या सदरांत गृहिणी आपल्या युक्त्या नावानिशी पाठवतात, शब्दकोड्यातली चूक दाखवणारी पत्रं दुसऱ्या दिवशी येतात. छंदाबद्दल मराठी वाचक मराठीतच नेमकं बोलतो. गेमबद्दलही तो कट्ट्यावर मराठीतच बोलत होता.

तिसरी भिंत मुलींच्या बाबतीतली. कॅफेत उशिरापर्यंत बसण्याची मुभा मुलांना, घरातल्या मशीनवर पहिला हक्क भावाचा. ज्या मुली खेळल्या त्यांचा अनुभव पत्रांच्या पानावर फार थोडा उमटला आणि पत्रांच्या पानावर जे दिसत नाही ते संपादकाच्या विचारातही शिरत नाही.

मोजलं काय, निसटलं काय

छापील नियतकालिकाचं यश आपल्याकडे दोन आकड्यांनी मोजलं जातं: खप आणि वाचकसंख्या. खपाची तपासणी करणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था 1948 साली स्थापन झाली आणि तिचं कार्यालय मुंबईतच आहे. वाचकसंख्येच्या पाहण्या नंतर आल्या. एक अंक किती जण वाचतात हे त्यातून काही अंशी कळतं. दोन्ही आकडे जाहिरातदाराला लागतात. टीप चालली का, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही.

पत्रांची नुसती संख्याही फसवी असते. दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ कार्यक्रमाला एका आठवड्यात चौदा लाखांहून अधिक पत्रं आल्याची नोंद आहे. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डांचा तो पूर पाहून टपाल खात्याने स्पर्धेसाठी वेगळं, महाग कार्ड काढलं. लोकांना भाग घ्यायचा असतो, त्यांना कुणी विचारावं असं वाटतं, हे त्यातून ठळकपणे दिसलं. पण स्पर्धेचं उत्तर आणि दुरुस्तीचं पत्र यांत फरक आहे. बक्षिसासाठी आलेली हजार कार्डं संपादकाचा उत्साह वाढवतात. चूक दाखवणारं एक कार्ड पुढचा अंक सुधारतं.

संपादकांनी बक्षिसाच्या कार्डांना जास्त माया लावली याला धंद्याची कारणं होती, ती समजून घ्यायला हवीत. स्पर्धेला प्रायोजक मिळतो, दुरुस्तीच्या चौकटीला मिळत नाही. जागेला पैसा पडतो, टीप पुन्हा तपासायला माणूस आणि मशीन लागतं. शिवाय आपली चूक आपणच छापायला धैर्य लागतं. पण गेमच्या मासिकाचं आयुष्य वाचकाच्या भरवशावर चालतं, आणि एकदा चुकलेल्या टिपेवर अख्खी रविवार-दुपार घालवलेला मुलगा पुढच्या वेळी अंक चाळतानाच शंका घेतो.

पुढे ब्रॉडबँड आलं आणि सीडीचं महत्त्व संपलं. टिपा आता फुकट आणि चटकन मिळतात, त्यातला मोठा भाग व्हिडिओंच्या रूपात. मराठीत बोलत खेळणारी मुलंही त्यात आहेत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. मराठी मुलाला अखेर आपल्या भाषेत बोलता आलं. मात्र एक व्यवस्था हरवली. मासिकात चूक झाली, तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची जबाबदारी नावानिशी एका संपादकावर होती. आता चुकीची टीप तशीच राहते, तिच्या शेजारी बरोबर टीप येते, आणि निवडण्याचा सगळा भार बघणाऱ्यावर पडतो.

आता काय करावं

पहिलं काम जपणुकीचं. ग्रंथालयांत मासिकांची बांधणी करताना जाहिराती, पुरवण्या आणि सोबतच्या सीड्या अनेकदा गळून जातात. रद्दीत गेलेल्या अंकांबरोबर पत्रांची पानंही गेली. 2000च्या आसपासचा मुंबईचा मुलगा काय खेळत होता, मशीन कितीला मिळत होतं, त्याला काय अडत होतं, याचा याहून जिवंत पुरावा दुसरा नाही. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898पासून या शहराची छापील आठवण सांभाळत आलं आहे. ज्यांच्या माळ्यावर असे अंक आणि सीड्या आहेत त्यांनी त्या रद्दीवाल्याला देण्याआधी ग्रंथालयाला विचारावं, आणि ग्रंथालयांनी छंदाची इंग्रजी मासिकंही मराठी शहराच्या इतिहासाचा भाग मानावीत.

दुसरं काम मराठी संपादकांचं. दिवाळी अंकांत आज पर्यटन, आरोग्य, पाककला, ज्योतिष या विषयांचे स्वतंत्र अंक निघतात. गेमिंगलाही तसा अंक मिळायला हवा आणि त्याची आखणी वाचकांपासून सुरू व्हावी. चाळीत, वस्तीत, कॉलेजात जाऊन मुलांकडून युक्त्या मराठीत मागवाव्यात, त्यांची भाषा फार न घासता छापाव्यात आणि पाठवणाऱ्याचं नाव टिपेच्या वर द्यावं. लिहायला जड जात असेल त्याने बोलून पाठवावं, संपादकाने लिहून काढावं. मुलींकडून मुद्दाम मागवावं. प्रत्येक टीप छापण्याआधी दोन वेगवेगळ्या मशीनवर तपासावी, त्यातलं एक साधं, स्वस्त असावं.

तिसरं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. छंदाबद्दल जो कुणी लिहितो, छापील असो वा व्हिडिओतून, त्याने ‘चुकलंय’साठी ठरलेली जागा ठेवावी आणि ती मागच्या कोपऱ्यात न ठेवता सुरुवातीला ठेवावी. चूक दाखवणाऱ्याचं नाव द्यावं, दुरुस्त टीप पूर्ण छापावी. वृत्तपत्र लेखक संघासारख्या संस्थांनी दिवाळी अंकांना गुण देताना हा निकष धरला, तर संपादकांना त्याची सवय लागेल. वाचकाचं पत्र छापून त्याचे आभार मानणं ही सभ्यता झाली. त्याच्या सांगण्यावरून पुढचा अंक बदलणं ही खरी पोच. मराठीत गेमबद्दल नियतकालिक काढणाऱ्याने पहिल्या अंकापासून तेवढं पाळलं, तर त्याला लेखकांची वाण कधीच पडणार नाही. लालबागच्या चाळीपासून लडलोच्या शाळेपर्यंत, या छंदात खेळणाऱ्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं.